डाव्या खांद्यावरची पाकळी

मच्छिंद्र पांगारेला बोलायला कुणी शिकवलं नाही. ढेकळांत वाढलेल्या माणसाला पुण्यातल्या चार शहाण्यांपुढं तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. ह्याचं उलटं. समोर खुर्च्यांवर माणसं दिसली की ह्याची जीभ वैरण दिसलेल्या म्हशीगत सुटायची. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात, ते काही उगाच नाही. मच्छिंद्रानं आधी विम्याच्या पॉलिस्या खपवल्या, मग पाणी गाळायची यंत्रं खपवली, आणि गेली अकरा वर्षं तो जंगल खपवत होता.

म्हणजे तोडायला नव्हे, राखायला. 'रानराखण' नावाची संस्था होती. बुधवार पेठेत वायरींची भेंडोळी आणि स्पीकर विकणाऱ्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. वेल्हं, मुळशी, भोर ह्या अंगाला डोंगरात जुन्या देवराया अजून टिकून आहेत. देवाच्या नावानं सोडलेलं रान, तिथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही असा पूर्वापार दंडक. तिथं कुंपण घालायचं, गावातलाच एखादा राखणदार नेमायचा, वणव्याच्या दिवसांआधी भोवतीचं गवत काढून जाळरेषा मारायची, ही संस्थेची कामं. त्याला पैसा लागतो, आणि तो आणायचं काम मच्छिंद्राचं. कार्डावर 'विभागीय निधी संकलक' असं छापलं होतं. लोक 'पावतीवाले पांगारे' म्हणायचे.

ज्येष्ठ नागरिकांचे संघ, सोसायट्यांची मंडळं, हिंजवडीच्या कंपन्या, कुठंही बोलवा, मच्छिंद्र गोष्ट एकच सांगायचा.

"कात्रजची डेअरी मागं टाकून घाटाकडं निघालं की आमची पांगारवाडी. तिथं भैरोबाची देवराई आहे. दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असले उंबर. एक दिवस बिल्डरची माणसं करवती घेऊन आली. तेव्हा माझी सख्खी आत्या, सोजरबाई, उंबराला पाठ लावून बसली. म्हणाली, आधी मला चिरा. तीन दिवस बसली. करवती आल्या वाटेनं परत गेल्या. मंडळी, देवराई आजही आहे, आणि आत्या आजही सकाळी तिथं झाडलोट करते."

एवढं बोलून तो पाण्याचा घोट घ्यायचा. तेवढ्यात बायका पदर डोळ्याला लावायच्या, कंपनीतली पोरं म्हणायची, "काका, काय सॉलिड स्टोरी आहे यार!" आणि पावतीपुस्तक फिरायला लागायचं.

ह्यातलं खरं एवढंच, की पांगारवाडी आहे आणि आत्या आहे.

पहिल्याच दिवसापासून त्यानं थाप मारली असंही नाही. सुरुवातीला तो नुसतं लहानपणीच्या रानाचं सांगायचा. एकदा कोथरूडच्या संघात एका म्हाताऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "वाचली ना हो ती झाडं?" आणि मच्छिंद्राच्या तोंडून "वाचली की!" निघून गेलं. त्या दिवशी अख्खं पावतीपुस्तक संपलं. मग बाकीचं हळूहळू भरत गेलं. आत्या उंबराला टेकली ती दुसऱ्या वर्षी, आणि तीन दिवस बसली ती तिसऱ्या.

टाळ्या वाजत असताना तो उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत उभा राहायचा, बोटाला काही चिकटलं असावं तसा. बायकोनं एकदा विचारलंही होतं, "काय लागलंय हो बोटाला?" तो म्हणाला, "काही नाही, सवय."

सवय नव्हती. चीक होता, पंच्याण्णव सालचा.

त्या साली पुणं कात्रजच्या चढाला लागलं होतं. पांगारवाडीत जमिनीला भाव आला, आणि गावचा सर्जेराव एका बिल्डरच्या भागीदारीत शिरला. त्याची नजर देवराईवर. जमीन देवाच्या नावाची, पंचांच्या ताब्यातली. पंच सह्या करायला एका पायावर तयार होते. पण भैरोबाला विचारल्याबिगर तिथली काडी हलवायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा कौल लावायचं ठरलं.

कौल म्हणजे देवाचं मत. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, भैरोबाच्या शेंदरी मूर्तीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची आणि सवाल टाकायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. बैल घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची असो, गाव ह्यावर चालायचं. गेनबा गुरवाला मोतीबिंदू झालेला, हात कापायचा. म्हणून पोरपणापासून पाकळ्या लावून द्यायचं काम मच्छिंद्राकडं होतं. बावीस वर्षांचा, बारावी दोनदा नापास, दिवसभर पारावर.

आदल्या दिवशी सर्जेरावानं त्याला बांधावर गाठलं. "मच्छिंद्रा, देवानं काय बोलायचं ते देवाच्या हातात. पन पाकळी तुज्या हातात. साइटीवर सुपरवायझर लागतोय मला. मोटारसायकल मिळंल." एवढंच बोलला. त्याला जास्त बोलावं लागलं नाही.

रविवार, भैरोबाचा वार. सगळं गाव देवराईत, भैरोबाच्या पायरीशी जमलं. मच्छिंद्र पाकळ्या आणायच्या निमित्तानं मागं गेला. पायरीजवळच्या उंबराचं एक हिरवं फळ त्यानं देठापासून खुडलं. पांढरा चीक टपकन बोटावर आला. उंबराच्या चिकानं पोरं पाखरं धरतात. फांदीला लावून ठेवला की पाखराचा पाय सुटत नाही. त्यानं तो डाव्या पाकळीला पाठीमागनं लावला आणि देवाच्या खांद्यावर अंगठ्यानं दाबली. उजवीला नुसतं पाणी.

उजवी पडली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला. एरवी शेळी विकायची असली तरी गाव तीनदा कौल लावून खात्री करतं. त्या दिवशी "पुन्यांदा लावा" असं एकही माणूस म्हणाला नाही. सगळ्या गावाला पाहिजे होता तोच कौल मिळाला होता. फक्त सोजरबाई, मच्छिंद्राची आत्या, नवऱ्यामागं माहेरी राहून रोज देवराई झाडणारी, ती उठली आणि न बोलता घरी गेली. उंबराला टेकून बसली नाही, चिरा म्हणाली नाही. देवच तोडा म्हणाल्यावर ती काय बोलणार?

एकोणीस दिवसांत रान भुईसपाट झालं. भैरोबाला फरशीचं देऊळ मिळालं, पार्किंगच्या कडेला. वर बारा मजले चढले आणि त्याला नाव दिलं 'देवराई हाइट्स'. मच्छिंद्राची नोकरी सात महिन्यांत संपली, मोटारसायकल कंपनीनं परत नेली.

पुढं फिरत फिरत तो 'रानराखण'मध्ये लागला तो काही पाप धुवायला नव्हे. पाण्याच्या यंत्रांची कंपनी बुडाली होती आणि घरात दोन पोरी होत्या. पण लागल्यावर तो मनाशी हिशेब घालायला लागला, की एक देवराई घालवली, पण बारा राखल्या. हा हिशेब त्याला दिवसा पटायचा. आत्याच्या दारात गेला की पटायचा नाही.

आणि मग कुसुम आगाशे आल्या.

नारायण पेठेत राहणाऱ्या, शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नवरा श्रीधर आदल्या वर्षी गेलेला. त्यांनी पौडजवळ घरासाठी घेतलेली जमीन बाईंनी विकली होती आणि तो सगळा पैसा त्यांना जंगलाला द्यायचा होता. वेल्ह्याच्या तीन देवरायांना दहा वर्षं राखणदार मिळाला असता. त्यातल्या एकीच्या कडेला तर ठेकेदारानं झाडांवर चुन्याच्या खुणाही करून ठेवल्या होत्या. संस्थेचे प्रमुख यज्ञेश्वर दामले, मवाळ माणूस, मच्छिंद्राला म्हणाले, "पांगारे, ह्या बाई हातच्या जाऊ देऊ नका. त्या गेल्या तर ती झाडंही गेली."

बाईंनी मच्छिंद्राची गोष्ट संघात ऐकली होती. चहा दिला आणि म्हणाल्या, "देणगी देते. पण आधी बघते."

"अवश्य, बाई. वेल्ह्याला गाडी करतो."

"वेल्हं नको. तुमची पांगारवाडी. रिक्षानं होईल."

"तिकडं... हल्ली बिबट्या दिसलाय बाई. लोकांना आत सोडत नाहीत."

"असं? मग आत्याबाईंना भेटते. त्यांना काही बिबट्यानं बंद ठेवलेलं नाही ना?"

"नाही, पण म्हाताऱ्या झाल्यात. ऐकू येत नाही."

"मला बोलता येतं." बाईंनी बिस्किटांची बशी पुढं सरकवली. "पांगारे, मंडईत मी वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. तुम्ही तर मला जंगल देताय. रविवारी येते."

शनिवारी मच्छिंद्र आत्याकडं गेला. गावठाणातलं जुनं घर, दोन खोल्या. मागं बारा मजल्यांची भिंत उभी, तिच्या सावलीत दुपारी दोनलाच दिवेलागण. सोजरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दात पडलेले, कान गेलेले, पण पाठ ताठ. तांदूळ निवडत बसली होती.

"आत्ती, उंद्या एक बाई येनार हाय."

"कोन?"

"बाई! संस्थेची! देवराईचं इचारंल. तू नुसती मान हलव."

"मी काय नंदीबैल हाय व्हय?"

"तसं न्हवं. तिला वाटतं देवराई हाय अजून. तू म्हन, बरी हाय."

"काय बरी हाय?"

"देवराई!"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "मच्छिंद्रा, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई?" आणि पुन्हा सूप उचलत म्हणाली, "रविवारी नगं आनूस तिला. रविवारी माजी चूल बंद आसती. पाव्हनीला च्या तरी कसा करू?"

आत्या रविवारी शिळी भाकरी खाते, हे त्याला माहीत होतं. भैरोबाचा काहीतरी नेम असेल, असं तो धरून चालला होता. विचारलं कधी नव्हतं. रविवारी त्याला सोसायट्यांतनं गोष्ट सांगायची असायची.

बाईंना दहाला स्वारगेटला घ्यायचं ठरलं होतं. वाटेतनं तो बोलून बोलून त्यांना कुठल्या कुठं नेणार होता. साडेनऊला फोन वाजला.

"पांगारे, मी पोचले."

"कुठं?"

"रिक्षावाल्याला म्हटलं, पांगारवाडीची देवराई. त्यानं बरोबर आणलं. मोठं फाटक आहे, वर सोनेरी अक्षरं आहेत. वॉचमन विचारतोय कुठल्या विंगमध्ये जायचं. झाडं ए विंगमध्ये आहेत का बी?"

मच्छिंद्राची अकरा वर्षं न थकलेली जीभ टाळूला चिकटली.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "वॉचमन आत्याबाईंना ओळखतो. मी तिकडंच चाललेय."

तो स्कूटर पिदडत पोचला तेव्हा बाई घोंगडीवर बसल्या होत्या. पुढं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. आत्या समोर, ताटलीत कालची भाकरी आणि कांदा. बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला, त्यामुळं म्हातारीला त्यांचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं. दोघींचं छान जमलं होतं.

"या," बाई म्हणाल्या. "तुमचा बिबट्या बघून आले. पार्किंगमध्ये झोपला होता. शेपूट हलवली मला बघून."

तो उंबऱ्याशीच बसला.

"राग आला होता मला. पर्स उचलून परतच जाणार होते. पण ह्यांनी सांगायला घेतलंय, ते ऐकावंसं वाटलं. सांगा आत्याबाई, चूल का नाही पेटवत?"

सोजरबाईनं भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला. दात नसल्यामुळं शिळी भाकरी तिला अशीच खावी लागायची.

"काय सांगायचं बाई. माजी लेक मैना बाळंत झाली व्हती. पुसातला गारठा, आन वर अवकाळी पडल्याला. सरपान समदं वल्लं. बाळंतिनीच्या न्हान्याला पानी तापवाया घरात वाळकी काडी न्हाई. मी देवराईत गेले. पायरीजवळच्या उंबराखाली फांदी पडल्याली व्हती. उचलली. इतकी वर्सं राखन केली, कवा पान न्हाई आनलं घरी. पन त्या दिशी आनली आन जाळली."

"आणि मग?"

"आठव्या दिशी कौल झाला. देव उजवा बोलला. म्हनला, तोडा. का म्हनला? राखनारनीनंच जाळलं, मंग ठिवून तरी काय करायचं?"

"अहो, एका वाळक्या फांदीसाठी देव कशाला..."

"ऐका तर. दुसऱ्या दिशी झाडाया गेले. उजवी पाकळी खाली पडल्याली, आन डावी देवाच्या खांद्यावर तशीच. पान्यानं लावल्याली पाकळी घटकाभरात सुकून गळती, बाई. ही आठ दिस न्हाई गळाली. काळी पडली, पन सुटली न्हाई. देवानं ती मला दाखवाया धरून ठिवली व्हती. बग म्हनला, तुज्यापाय." तिनं तुकडा तोंडात घातला. "तवाधरनं रविवारी इस्तू लावत न्हाई मी. सत्तावीस वर्सं झाली."

मच्छिंद्राचा अंगठा तर्जनीवर घासत होता. त्यानं हात मांडीखाली घातला.

त्या आठ दिवसांत तो देवळाकडं फिरकलाच नव्हता. पाकळी राहिली की गेली, हे बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सत्तावीस वर्षं त्याला भीती होती ती एकाच गोष्टीची, की कुणाला कळेल. आपल्या बोटाचा चीक कुणी देवाचा शाप म्हणून घरी नेला असेल, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

बाईंनी गुळाचा खडा बाजूला सरकवला. मग मच्छिंद्राकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "पांगारे, माणूस दुःखापायीही खोटं बोलतो, हे मला कळतं. आमचे हे गेले तेव्हा मी दोन महिने दूधवाल्याला 'गावाला गेलेत' म्हणून सांगत होते. तुम्हाला ती झाडं गेलेली सोसली नाहीत. ह्यांना तर अजून सोसत नाहीत. असो. वेल्ह्याच्या तीन तरी राहू देत." त्यांनी पर्समधनं चेकबुक काढलं, चष्मा लावला. "संस्थेचं पूर्ण नाव सांगा."

न मागता सगळं पदरात पडलं होतं. गप्प राहिलं की झालं. त्यानं नाव सांगितलं. बाई वळणदार अक्षरात लिहू लागल्या. त्याला चुन्याच्या खुणा केलेली झाडं दिसली. आपण आज तोंड उघडलं तर ती तुटतील, हेही दिसलं. हा काही खोटा बहाणा नव्हता. खरंच तुटली असती. म्हणूनच तो लई सोयीचा होता.

समोर आत्या भाकरीचा दुसरा तुकडा पाण्यात बुडवत होती. तुकडा भिजेना. ती बोटानं दाबून धरून वाट बघत बसली.

"आत्ती," मच्छिंद्र म्हणाला, "त्यो देव न्हवता."

"काय?"

"पाकळी... देवानं धरली न्हवती."

"मोठ्यानं बोल रं. तोंडातल्या तोंडात काय गुळमुळतुयास?"

"पाकळी मी चिकटवली व्हती!"

"कशानं?"

बाहेर नळावर शेजारची मथुराबाई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. बाईंचं पेनही थांबलं.

"चिकानं!" मच्छिंद्र ओरडला. "उंबराच्या चिकानं! डावी पडू ने म्हनून! सर्जेरावानं सांगितलं व्हतं! देव काय बोललाच न्हाई आत्ती, मी बोललो!"

लोकांपुढं बोलण्यात हयात गेलेल्या माणसाला आयुष्यातली ही एकच गोष्ट गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगावी लागली.

म्हातारीनं हात पदराला पुसला. डोळ्यांत पाणी नाही, तोंडावर राग नाही. खरेदीत फसलेलं माणूस उशिरानं वस्तू उलटीपालटी करून बघतं, तशी ती त्याच्याकडं बघत राहिली.

"कंच्या उंबराच्या?"

"पायरीजवळच्या."

"त्याच्याच फांदीला मी हात लावला व्हता." मग म्हणाली, "आन तुला काय मिळालं?"

"नोकरी. मोटारसायकल."

"ती लाल?"

"व्हय."

"तिच्यावर बसवून तू मला ससूनला न्हेलंतंस. डोळं दाखवाया."

"व्हय."

"मी गावभर सांगितलं व्हतं. पोटचा न्हाई, पन पोटच्यावानी बघतो म्हनून."

भाकरीवर ताटली पालथी घालून ती म्हणाली, "ऊठ. भाईर हो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या मागनं निघाल्या. स्कूटरवर बसायला त्या तयार नव्हत्या. रिक्षा मिळेपर्यंत कोपऱ्यावर दोघं उभी राहिली, मध्ये हातभर अंतर.

"तीस वर्षं पेपर तपासले मी," बाई रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "कॉपी करणाऱ्याला शून्य. नंतर कबूल केलं म्हणून अर्धा मार्क मी कधी दिला नाही."

"बरोबर आहे बाई."

"बरोबर आहे ते मला माहीत आहे." रिक्षा थांबली. चढताना त्या म्हणाल्या, "झाडांनी काही कॉपी केलेली नाही. चेक मी टपालानं पाठवीन. पावतीवर तुमची सही नको. आणि दामल्यांना मी काही कळवणार नाही. ते काम तुमचं."

सोमवारी त्यानं यज्ञेश्वर दामल्यांना सगळं सांगितलं, अकरा वर्षांच्या गोष्टीसकट. ऐकता ऐकता दामल्यांनी टेबलावरचं वर्षाचं माहितीपत्रक उलटं करून ठेवलं, कारण पहिल्याच पानावर उंबराला टेकलेल्या बाईचं चित्र होतं. दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढून टाकायला पाहिजे तुम्हाला. पण बाईंनी चेकबरोबर चिठ्ठी पाठवलीय. 'पांगारे यांना कामावर ठेवावे. फक्त गोष्ट सांगू देऊ नये.' हे काय आहे, तुम्हीच बघा." शनिवारी बिबवेवाडीच्या एका सोसायटीत तो उभा राहिला आणि तारेच्या कुंपणाचा दर, राखणदाराचा पगार, जाळरेषेची रुंदी एवढंच बोलला. लोकांनी मोबाइल काढले. पावतीपुस्तकातली चार पानं फाटली. दोन तासांनी घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "घसा बसला का काय?"

रविवारी सकाळी तो पांगारवाडीला गेला. जाऊ की नको करत गेला. गल्लीत मथुराबाईनं त्याला बघून बादली उगाच आपटली.

आत्याच्या घरातनं धूर येत होता.

तो दारात उभा राहिला. गॅस बाजूला ठेवून म्हातारीनं परसातली जुनी चूल आत आणून पेटवली होती. तव्यावर बाजरीची भाकरी टम्म फुगलेली. जाळाच्या उजेडात तिचं तोंड लालबुंद दिसत होतं. तिनं मान वर न करता पुढची भाकरी थापायला घेतली. त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. थापून झाल्यावर म्हणाली, "बस."

तो बसला. भाकरीच्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याला वाटलं, म्हातारी विसरली. रक्ताचं नातं शेवटी.

आत्यानं तव्यावरची भाकरी काढली, आपल्या ताटलीत ठेवली आणि पापुद्रा फोडला. वाफ भसकन वर आली. तिनं त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. मग उठून कोपऱ्यातल्या टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि कालची भाकरी काढून त्याच्यापुढं टाकली. कड वाकलेली, खापरागत टणक.

"आता रविवार तुजा," ती म्हणाली.

मच्छिंद्र भाकरीकडं बघत राहिला. "किती दिस, आत्ती?"

"काय?"

"किती दिस!"

"मी इचारलं व्हतं का कुनाला?"

ती खायला लागली. हिरड्यांनी, सावकाश, लोणी ओठाला लागलेलं. सत्तावीस वर्षांनी रविवारचा ऊन घास होता, तो ती एकटीनं खात होती. त्यानं तुकडा मोडला. मोडताना कडकन आवाज झाला. चावला, पण गिळवेना.

आत्यानं त्याच्याकडं बघितलं नाही. पायानंच पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"बुडवून खा," ती म्हणाली. "कोरडी उतरत न्हाई."